पत्र्यावरचा दात

धम्मशीला: …हे बघ, डबी इथंच आहे. आरशामागं, जिथं ठेवली होती तिथंच. आतला कापूसही आहे. फक्त दात नाही.

महामाया: मंग मले काऊन इचारून राह्यली? मले काय तुह्या डबीवर राखण बसवलं होतं?

धम्मशीला: काल सगळ्यांत शेवटी तुझ्या हातात होता, ताई.

महामाया: माह्या हातात! गल्लीतल्या साऱ्या बायांच्या हातात होता तो. ‘पाहू वं शीला, दाखव वं शीला.’ मी दुपारपासून पातोड्या थापून राह्यली, तुले पुण्यात भेटत नाई म्हणून. रस्सा निवून गेला, कोणी इचारलं नाई. शार्कचा दात म्हणे, शार्कचा दात! तुह्या आईनं तं कपाळाले लावला तो.

धम्मशीला: तुझ्या आईनं काय? आपल्या आईनं म्हण.

महामाया: हाव, आपल्या. तोंडाले सवय नाई ना.

धम्मशीला: ताई, भांडायला वेळ नाही गं. अकराला विहारात माझा सत्कार आहे. उद्या शेगावहून माझी गाडी. सोमवारी तो दात प्रयोगशाळेत जागेवर पाहिजे. माझ्या गाईड मॅडमना न विचारता आणलाय मी.

महामाया: न इचारता? माय वं! तिकडं डॉक्टर होऊन राह्यली अन् इकडं चोरी?

धम्मशीला: आईच्या हातात एकदा द्यायचा होता. विचारलं असतं तर मिळाला नसता. हरवला असं कळलं, तर मॅडम मला पुन्हा एकाही नमुन्याला हात लावू देणार नाहीत. माझं सगळं काम त्याच्यावर उभं आहे.

महामाया: एका दाताचं येवढं कवतिक? समुद्रात काय शार्क कमी आहेत?

धम्मशीला: दात पुष्कळ आहेत. हा मोजलेला आहे. कोकणात कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेल्या माशाचा. हिऱ्याचं बारीक टोक त्याच्यावर दाबून कुठं किती कठीण आहे ते पाहिलंय मी. धारेला करवतीसारखे बारीक बारीक दाते असतात ना, त्यातल्या एकेकाचा फोटो काढलाय. आता तो दात करवतीच्या पात्याला चिकटवून त्यानं मासा कापायचा, आणि कापून कापून किती झिजतो ते पाहायचं. आधीचं झालंय, नंतरचं राहिलंय. दुसरा दात घेतला की पुन्हा सुरुवातीपासून.

महामाया: मंग कर ना सुरुवातीपासून. मी रोज सकाळी उठून सुरुवातीपासूनच करून राह्यली. मले तं कोणी विहारात शाल नाई देत.

धम्मशीला: तू घेतलास का?

महामाया: लेकरायचं घर आहे. काजलनं उचलला असन. तिचा दात पडला ना काल, तं साऱ्याले दातच दात दिसून राह्यले.

धम्मशीला: काजलला विचारलं मी.

महामाया: काय म्हणे?

धम्मशीला: तू सांग काय म्हणाली असेल.

महामाया: मले काय मालूम.

धम्मशीला: म्हणाली, ‘मावशी, माह्या एकच दात पडला, पण आईनं पत्र्यावर दोन फेकले.’

(महामायाच्या हातात चहाचं पातेलं होतं. ते चुलीवर ठेवायचं सोडून तिनं खाली फरशीवर ठेवलं आणि पदराला उगाच हात पुसले. आजवर तिचं खोटं कुणी पकडलं नव्हतं. आज पकडलं ते तिच्याच पोरीनं, पडक्या दाताच्या बोबड्या तोंडानं.)

धम्मशीला: आता काय दातखीळ बसली?

महामाया: पोट्टी आहे का चुगलखोर आहे!

धम्मशीला: फेकलास ना?

महामाया: हाव. फेकला.

धम्मशीला: का पण?

महामाया: जळली म्हणून. झालं समाधान? तुले पाहून माह्या पोटात आग पडते, म्हणून फेकला. जाय आता, साऱ्या वरवट गावात सांग.

धम्मशीला: कोणता पत्रा?

महामाया: कोणता राहीन? चुलीवरचाच. काजलचा टाकला मी, ते म्हणे, ‘उंदीरमामा, माह्या दात घे, तुह्या दात दे.’ मंग ते आंगणात पळाली खेळाले. मी आत आली, डबी दिसली, अन् बाहीर जाऊन टाकून आली. इच्यार केला नाई मी. हात करून गेला.

धम्मशीला: शिडी कुठंय?

महामाया: मी चढन.

धम्मशीला: तू नको, पत्रा खाली येईल.

महामाया: हाव, म्हण ना, जाडी झाली म्हण. तेही आयकून घेतो.

धम्मशीला: तू शिडी धर. नीट धर, जळून सोडून देऊ नको.

महामाया: सोडाची असती तं इचारून नसती सोडली. चढ. अन् खिळ्याच्या ओळीवर पाय ठेवजो, मधात पत्रा दबते.

धम्मशीला: माहीत आहे मला. लहानपणी किती वेळा चढले इथं.

महामाया: मी कधीच नाई चढली. पाहाले कोठं होती मी?

धम्मशीला: झालं सुरू. ताई, मावशीकडं ठेवलं ते काय हौस म्हणून ठेवलं का तुला? शेगावला नळाचं पाणी होतं. इथं बोर. आईचे दात बघ, बाबांचे होते ते आठव, माझे बघ. हे तपकिरी पट्टे. एका तरी पोरीचे दात चांगले राहावेत म्हणून पाठवली तुला.

महामाया: तू पोटात होती, तवा पाठवली. तू आली अन् मी गेली. दिवाळीत पाव्हणीसारखी यायची मी. तू आईच्या कुशीत, अन् माह्यं अंथरूण अलग. रात्री हात लांबवला तं तुह्या पाय लागे मले, आई नाई लागे. काय दिसते का वर?

धम्मशीला: वाळलेला पाला. फुटका चेंडू. काजलचा दात सापडला.

महामाया: तो राहू दे तिथंच.

धम्मशीला: राहू देते. तुला वाटतं मी मजेत होते? वर्गातली पोरं मला पिवळी म्हणायची. कॉलेज संपेपर्यंत तोंडावर हात ठेवून हसले मी. फोटोत ओठ मिटून. आणि तू दिवाळीला यायचीस ती हसत यायचीस. सगळी गल्ली म्हणायची, महामाया हसली की घरात दिवा लागतो. मी चुलीतली राख घेऊन दात घासायचे, हिरडी सोलून निघेपर्यंत. वाटायचं, तुझ्या तोंडावर एक दगड मारावा.

महामाया: मंग मारला काऊन नाई?

धम्मशीला: नेम नव्हता.

महामाया: हासवू नको वं, शिडी हालते.

धम्मशीला: काल मी आईला काय सांगत होते ते ऐकलंस तरी का? शार्कच्या दाताच्या वरच्या थरात जे असतं ना, फ्लोराईड, तेच आपल्या बोरच्या पाण्यात जास्त होतं. त्याच्या दातात ते नीट रचून बसतं. माझे दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हा ते जास्तीचं आत शिरलं आणि सगळी वीण बिघडली. हा दात दाखवून आईला सांगायचं होतं, की यात तुझी चूक नव्हती. म्हणून चोरून आणला.

महामाया: म्हंजे तू अर्धी शार्क आहे. मले लहानपणापासून वाटेच.

धम्मशीला: आणि एवढं सगळं असून त्याचा दात आपल्यापेक्षा कठीण नाही. माणसाच्या चांगल्या दाताएवढाच निघतो.

महामाया: मंग नाव कायचं येवढं?

धम्मशीला: आकाराचं. धारेचं. ती धारही टिकत नाही, थोडं कापलं की बोथट होते. पण त्याला फिकीर नसते. पुढचा पडला की मागचा तयार असतो, रांगच लागलेली असते.

महामाया: हे मले पुण्याले न जाताही मालूम आहे. पुढचा पडला का मागचा पुढं सरकते. पुढचा कोठं पडला, ते कोणी इचारत नाई.

धम्मशीला: असं नको बोलू.

महामाया: काऊन नको? तुह्यं नाव पेपरात आलं ना, तं तुह्ये भाऊजी आमच्या साऱ्या जानेफळ गावात कात्रण घेऊन फिरले. ‘माही साळी, माही साळी.’ मी बाजूलेच उभी. माह्यं त्यायनं कोणाले काय दाखवावं? लगनाआधी त्यायची आई पाहाले आली, तं एकच बोलली, ‘हास बरं, बाई.’ मी हासली. पसंत! बारावीचा पेपर राह्यला होता माह्या, भूगोलाचा. त्याचं ना मावशीनं इचारलं, ना सासूनं, ना तुह्या… ना आपल्या आईनं.

धम्मशीला: मलाही म्हणायचे, ‘हास बरं, बाई.’ मी हसले की पोहे तसेच ठेवून उठायचे. एका बाईनं तर निघताना आईला विचारलं, धाकटीच आहे का घरात, मोठी गेली का?

महामाया: हे मले कोणी नाई सांगतलं.

धम्मशीला: कोण सांगणार? लोक म्हणतात हुशार होती म्हणून शिकली. नकार आले म्हणून शिकली मी. पसंत पडली असती तं आज मीही कोठं तरी भाकऱ्याच थापून राह्यली असती. हुशार तं तू होती, ताई.

महामाया: आता आली ना घरची भाषा! पत्रा तापला वाटते.

धम्मशीला: तापलाच आहे. पाय भाजून राह्यले.

महामाया: दाखवाचे दात माह्ये अन् खायाचे दात तुह्ये. येवढीच वाटणी झाली आपली.

केसरबाई: काय वं पोरीहो, काय चाललं? शीला, तू पत्र्यावर कायले चढली? पांढरी साडी नेसून! विहारातले लोक आता येतीन.

महामाया: काई नाई, आई. दात पाहून राह्यली.

केसरबाई: कोणाचा दात?

महामाया: काजलचा.

केसरबाई: अवं, फेकलेला दात खाली आणत नसतात! मागतलेलं माघारी जाते.

महामाया: जाऊ दे माघारी.

केसरबाई: तुले काय समजते? या पत्र्यावर शीलाचे सारे दात आहेत. एक पडला का पळत यायची. मी म्हणो, उंदीरमामाले म्हण तुह्या दात दे. तं हे म्हणे, ‘मले उंदराचा नाई पाह्यजे. मले ताईसारखा दे.’ दर वेळी तेच. मी चुलीजवळ बसून आयको अन् धुराचं निमित्त करून डोये पुसो.

धम्मशीला: आई, जा ना तू आत. कायले काढतं जुनं?

केसरबाई: काढतो, मंग! अन् हिचा तं एकही दात मी पडलेला नाई पाह्यला. पुरे दुधाचे दात तिकडंच पडले. मले आजही मालूम नाई, माह्या पोरीचे दात कोठं पडले. चाला, उतरा आता. दात कोरून पोट भरत नाई, दोन घास खाऊन घ्या जायच्या आधी.

महामाया: तू हो पुढं, आई. आलोच आम्ही.

धम्मशीला: …ताई.

महामाया: खाली पाहू नको माह्याकडं. तिकडं पाह्य.

धम्मशीला: ताई, सापडला.

महामाया: सापडला? चांगला आहे?

धम्मशीला: खिळ्याखालच्या चकतीले अडकला होता. थांब, उजेडात पाहू दे.

महामाया: चांगला आहे का ते सांग ना वं!

धम्मशीला: टोक गेलं. एका बाजूचे दातेही गेले. पत्र्यावर आपटला.

महामाया: म्हंजे?

धम्मशीला: म्हणजे संपलं. आता हा झिजला किती ते कोणाले सांगता येणार नाई. मासा कापून गेलं का पत्र्यावर आपटून, काय सांगू?

महामाया: बाप्पा…

धम्मशीला: रडू नको, शिडी धर. मी उतरून राह्यली.

महामाया: खरं सांगू? तू ‘टोक गेलं’ म्हणाली ना, तं मले पह्यले बरं वाटलं. नखाएवढंच, पण वाटलं. अशी कशी वं मी, शीला? सख्खी बहीण आहे तू माही.

धम्मशीला: सख्खी आहे म्हणूनच. परक्या बाईवर कोण येवढं जळते?

महामाया: मॅडमले काय सांगशीन?

धम्मशीला: खरंच सांगीन. न विचारता नेला, घरी तुटला. ओरडतील. बाकीचे नमुने काढूनही घेतील कदाचित. मग पाहू.

महामाया: माह्यं नाव सांग. म्हण, बहिणीनं फेकला. पाह्यजे तं फोन लावून दे, मी बोलतो त्यायच्याशी. माही चूक तू काऊन घेतं आंगावर?

धम्मशीला: न विचारता आणला, ती माझी. फेकला, ती तुझी. माझ्या चुकीपुरतं मी सांगीन. एक सांग. काजलनं उंदीरमामाला दात मागितला. तू काय मागितलंस?

महामाया: जाऊ दे ना.

धम्मशीला: माह्यं नशीब?

महामाया: येडी आहे का? तुह्यं नशीब घेऊन मी काय करू, मासे कापू?

धम्मशीला: मग?

महामाया: …म्हटलं, उंदीरमामा, हा हिचा दात घे, अन् मले आईच्या चुलीजवळचे हिचे सारे दिवस दे. माह्ये दात मावशीनं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले, शीला. शेगावात मावशी वरच्या माळ्यावर भाड्यानं राहे. तिथं हात पुरन असा पत्रा नव्हता. अन् माह्या बाजूले उभं राहून ‘म्हण’ म्हणणारंही कोणी नव्हतं.

धम्मशीला: ताई…

महामाया: पाहू, तुही ते डबी आण.

धम्मशीला: ही घे. कायले?

महामाया: तू फोनवर माही अक्कलदाढ मागतली होती ना? मेहकरच्या डॉक्टरनं काढली ते. म्हणे, बाई, काय सुंदर दाढ आहे, फेकू नका. पर्समधी घेऊनच आली होती मी. पण काल तुह्या शार्कभोवती बायायचा मेळा पाह्यला अन् देऊशी नाई वाटली. म्हटलं, आता तोंडातलंही हिलेच द्यावं का?

धम्मशीला: तुझी दाढ मिळाली तर… ताई, आई एक, बाप एक, पाणी दोन. असा जोड आमच्या प्रयोगशाळेत कोणाकडंच नाही. माझी दाढ मी आधीच मोजून ठेवली आहे. शेजारी शेजारी ठेवता येतील.

महामाया: हे घे. शेजाऱ्याचं भांडंही रिकामं माघारी देत नाई आपण. शार्कचा अलग कापसात ठेव, माह्या दाढेले ओरखडा नको पाडू.

धम्मशीला: तुझी माझ्यापेक्षा भक्कम निघणार, हे मले आत्ताच माहीत आहे.

महामाया: निघाली तं पह्यले आईले सांगजो.

धम्मशीला: अन् तुला नको सांगू?

महामाया: नको. मले आईच्या तोंडून आयकू दे.